निरोप झाशीचे

झाशीच्या जुन्या शहरात, तटाच्या आतल्या अंगाला, हातभर जाडीच्या भिंतींची घरे अजून दिसतात. अशा एखाद्या घरात आज ओसरीलगतच्या खोलीत एक संगणक असतो आणि माजघरात दुसरा. मध्ये कोठेतरी कोनाड्यात वायफायची लहानशी पेटी, जिला राउटर म्हणतात, हिरवे दिवे मिचकावीत बसलेली असते. घरातल्या लग्नाचे चित्रीकरण एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावयाचे असते. अंतर फार तर वीस पावलांचे. पेटीच्या खोक्यावर ‘३००’ हा आकडा ठळकपणे छापलेला. एवढी मोठी फाइल चौदा-पंधरा सेकंदांत पलीकडे जाईल असा घरच्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात सात मिनिटे उलटून जातात तरी पडद्यावरची पट्टी पुरती भरत नाही. मग कोणी पेटीला दोष देतो, कोणी भिंतीला, कोणी ती पेटी विकणाऱ्या दुकानदाराला.

लहरींना मात्र दोष देता येत नाही. त्या एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. वीस पावले त्यांच्या हिशेबी नाहीतच. तेव्हा ती सात मिनिटे जातात कोठे, हा प्रश्न उरतो. हा प्रश्न बिनतारी यंत्रांबरोबर जन्माला आला, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. निरोप पाठविणारा आणि निरोपाची वाट पाहणारा, अशी दोन माणसे जेव्हा प्रथम एकमेकांपासून दूर गेली तेव्हाचा आहे. आणि त्या प्रश्नाची किंमत जर कोणत्या एका गावाने पुरेपूर मोजली असेल, तर ती १८५३ ते १८५८ या पाच वर्षांत झाशीने मोजली आहे.

गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी त्यांनी आपल्या कुळातील आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा यथाविधी दत्तक घेतला होता व त्याचे नाव दामोदरराव ठेविले होते. या प्रसंगी मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन हे दोघे इंग्रज अधिकारी जातीने हजर होते, आणि दत्तक मान्य व्हावा अशा आशयाचा खलिता त्यांच्या हाती देण्यात आला होता. तेव्हा साक्षीपुराव्याची वाण नव्हती. पुढे सर्व भार कागदाच्या प्रवासावर होता. एलिसचा वरिष्ठ मेजर मालकम याने २५ नोव्हेंबरला झाशीचे प्रकरण कलकत्त्यास रवाना केले. लक्ष्मीबाईंनी ३ डिसेंबरला आपली बाजू मांडणारा खलिता लिहिला. उत्तर नाही असे पाहून १६ फेब्रुवारीला दुसरा लिहिला. लॉर्ड डलहौसी याने आपला निर्णय लिहिला तो २७ फेब्रुवारी १८५४ रोजी. दत्तक नामंजूर, संस्थान खालसा. हा हुकूम झाशीस पोचून राणीला कळविला गेला तो मार्चच्या मध्यास.

या तारखा शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कलकत्त्याहून निघालेला हुकूम मालकमच्या हातून फिरून झाशीस येण्यास सुमारे सोळा दिवस लागले. जाणारा कागदही तितक्याच दिवसांत गेला असे धरले, तर दोन्ही वाटांचा मिळून महिनाच होतो. उरलेले दोन-अडीच महिने तो कागद वाटेवर नव्हताच. गव्हर्नर जनरल दौऱ्यावर होते, आणि कागद कलकत्त्यात त्यांची वाट पाहत होता. डाकेचे हरकारे रात्री मशाली घेऊन धावले, दर चौकीवर ताज्या दमाच्या माणसाने थैली खांद्यावर घेतली, नद्या ओलांडल्या गेल्या; आणि एवढी सारी धावपळ करून जो वेळ वाचला तो एका मेजावर सुखाने पडून राहिला. हरकाऱ्याला दुप्पट वेगाने पळविले असते तरी झाशीच्या निकालात फारसा फरक पडला नसता. घरातल्या त्या मंद फाइलीच्या बाबतीतही हे पुष्कळदा घडते. लहरी चोख काम करीत असतात, आणि पलीकडच्या संगणकाची जुनी तबकडी आलेला मजकूर लिहून घेण्यास उशीर लावीत असते. त्या घरात महागडी नवी पेटी आणून बसविली तरी उपयोग शून्य.

या हुकुमाला महिनाही लोटला नसेल तोच, २४ मार्च १८५४ रोजी, आग्र्याहून कलकत्त्यास तारेने पहिला संदेश गेला. विल्यम ओशॉघ्नेसी नावाच्या वैद्याने कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग १८३९ पासून चालविले होते. डलहौसीने त्याला हाताशी धरले आणि सुमारे आठशे मैलांची ही तार काही महिन्यांत उभी राहिली. पुढच्या वर्षी, १८५५च्या फेब्रुवारीत, तारेची सोय सर्वसामान्य लोकांना खुली झाली. आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार ग्वाल्हेर, इंदूर या वाटेने नेलेली होती. झाशी त्या तारेवर नव्हती. ग्वाल्हेर तेथून सुमारे साठ मैल. तेवढ्या साठ मैलांपुरती झाशी सांडणीस्वाराच्या आणि हरकाऱ्याच्या युगातच राहिली. मुंबईहून ग्वाल्हेरपर्यंत काही तासांत आलेला निरोप तेथून पुढे माणसाच्या पायांनी येणार, म्हणजे वाटेतला जो सर्वांत सावकाश टप्पा असेल त्याचीच चाल सबंध निरोपाला मिळणार.

तारेची ताकद इंग्रजांना १८५७च्या मे महिन्यात कळली. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा दिल्लीच्या तारघरातील दोन तरुण मुलांनी अंबाल्यास खबर दिली. ती पुढे लाहोरास गेली, आणि १३ मेच्या सकाळी लाहोरच्या छावणीतील हिंदी पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. ज्यांची हत्यारे गेली त्या शिपायांना दिल्लीची हकीकत नीट कळलेलीही नसावी. ज्याच्या हाती तार त्याला दोन दिवस आगाऊ मिळाले, आणि पंजाब इंग्रजांच्या हातून गेला नाही.

झाशीत मात्र सगळे उलट घडले. ५ जून रोजी तेथील शिपायांनी तारागड बळकाविला. ८ जूनला किल्ल्यातून बाहेर आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची आणि मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. शिपाई दिल्लीच्या वाटेने निघून गेले. मागे उरले एक धास्तावलेले शहर आणि अधिकार नसलेली एक राणी. लक्ष्मीबाईंनी १२ आणि १४ जून अशी दोन पत्रे सागर प्रांताचा कमिशनर मेजर अर्स्किन याला जबलपुरास पाठविली. शिपायांनी काय केले, आपला त्यात हात कसा नव्हता, आपल्याकडूनच पैसा कसा उकळला गेला, मुलखात आता कोणाचाच अंमल कसा राहिला नाही, हे त्यांत लिहून हुकूम मागितला होता. जबलपूर सरळ रेषेत सुमारे १८० मैल. वाटेवर बंडाळी, नेहमीची डाक बंद. अर्स्किनचे उत्तर २ जुलैचे आहे: सरकारी अधिकारी येईपर्यंत राणीने सरकारतर्फे कारभार पाहावा. त्याने राणीची पत्रे कलकत्त्यास धाडली. कलकत्त्याने २३ जुलैला लिहिले की, व्यवस्था ठीक आहे. पण राणीचा वृत्तांत खोटा ठरला तर ही व्यवस्था तिचे संरक्षण करणार नाही.

एकच निरोप दोन ठिकाणी पोचला आणि दोन ठिकाणी त्याचे दोन अर्थ झाले. जबलपुरास तो विश्वासू मांडलिकाचा अर्ज होता; कलकत्त्यास तो संशयिताचा जबाब. दरम्यान शरदात ओर्च्छाच्या फौजेने झाशीवर चाल केली. राणीने इंग्रजांकडे मदत मागितली, ती आली नाही; झाशीने आपल्या बळावर तो हल्ला परतविला. १८५८च्या आरंभी सर रॉबर्ट हॅमिल्टन यास त्यांनी पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही.

पत्राचे उत्तर न येणे यात दोन शक्यता असतात. पत्र पोचलेच नाही, ही एक. पोचले, पण उत्तर द्यावयाचे नाही असे ठरले, ही दुसरी. वाट पाहणाऱ्याला या दोहोंतला फरक कळण्याचे साधन नसते. आजच्या बिनतारी यंत्रांनी ही अडचण फार कसोशीने सोडविली आहे. तिथे माहितीचा प्रत्येक तुकडा पलीकडे पोचला की पलीकडचे यंत्र ताबडतोब पोच देते. ठरावीक क्षणात पोच आली नाही तर पाठविणारा तोच तुकडा पुन्हा पाठवितो. आकाशवाणीच्या श्रोत्याला याची कल्पना सहसा नसते, कारण केंद्रावरून निघालेले भाषण घरोघरच्या संचांची पोच घेत नाही. कोणाला दोन शब्द ऐकू आले नाहीत तर ते गेले. फाइलीतले दोन शब्द जाऊन चालत नाहीत. म्हणून तिथे सारखे देणे आणि पोच घेणे चालू असते, आणि त्या पोचांनाही वेळ लागतोच. लहानसहान हजार छायाचित्रे पाठविण्यास तेवढ्याच वजनाच्या एका मोठ्या फाइलीहून जास्त वेळ लागतो तो यामुळेच: प्रत्येक छायाचित्रासाठी दार उघडावयाचे, नाव सांगावयाचे, पोच घ्यावयाची, दार लावावयाचे. एकाच थैलीत हजार पत्रे घालणे वेगळे, आणि हजार जासूद एकेक पत्र देऊन पाठविणे वेगळे.

१८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजची फौज सागरकडून मदनपूरची खिंड ओलांडून झाशीकडे सरकत होती. झाशी अवघ्या १४ मैलांवर राहिली असता त्याच्या छावणीत दोन हुकूम येऊन थडकले. एक खुद्द गव्हर्नर जनरलकडून हॅमिल्टनला, दुसरा सरसेनापतीकडून रोजला. दोहोंचा आशय एकच: चरखारीच्या राजाला तात्या टोपे यांनी घेरले आहे, त्याच्या मदतीस प्रथम जावे. चरखारी तेथून सुमारे ८० मैल. ज्यांनी हुकूम लिहिला त्यांना फौज कोठवर आली आहे हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक असावयाचे तर फौजेकडची खबर त्यांच्याकडे आधी पोचावयास हवी होती. हॅमिल्टनने जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आणि फौज झाशीकडेच चालविली. लष्करी शिस्तीत हा अपराध ठरू शकला असता. पण तो कागद शिळा झालेला होता, आणि शिळ्या कागदाला शिळा म्हणण्याचा अधिकार हॅमिल्टनने आपल्याकडे घेतला. इंग्रजांच्या बाजूला त्या दिवसांत हे घडू शकत होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूला एक निरोप अगदी निराळ्या रीतीने फिरत होता.

तात्या टोपे यांनी चरखारी घेतली. २४ तोफा आणि तीन लाख रुपये त्यांच्या हाती लागले. तिथेच त्यांना लक्ष्मीबाईंचे पत्र मिळाले: इंग्रजांशी लढाई जुंपली आहे, मदतीस यावे. पुढच्या वर्षी, १८५९च्या एप्रिलमध्ये, पकडले गेल्यावर तात्यांनी जो जबाब दिला त्यात यानंतरची हकीकत आहे. त्यांनी ही खबर काल्पीस रावसाहेबांना कळविली, आणि रावसाहेबांची परवानगी मिळाल्यावर ते झाशीकडे निघाले. नकाशा समोर ठेवावा. झाशी पश्चिमेला, चरखारी पूर्वेला, आणि काल्पी चरखारीच्या उत्तरेला सरळ रेषेत सुमारे ५० मैल. मदत जाणार चरखारीहून झाशीला. पण निरोप झाशीहून चरखारीला, चरखारीहून काल्पीला, आणि हुकूम पुन्हा काल्पीकडून तात्यांकडे. रोजच्या तोफा २३ मार्चच्या सुमारास झाशीवर लागू झाल्या. तात्यांची फौज बेतवेच्या काठी दिसली ती ३१ तारखेला.

येथे तात्यांना दोष देण्याचे कारण नाही. पेशव्यांच्या नावाने लढणाऱ्या सरदाराने पेशव्यांच्या पुतण्याची आज्ञा घेणे हे त्या राज्यरीतीला धरूनच होते. पण प्रत्येक निरोपाने मध्यवर्ती गादीवरून फिरून गेलेच पाहिजे अशी रचना असली म्हणजे वाट दुप्पट होते, मग घोडे कितीही चांगले असोत. त्या माजघरातल्या संगणकाचेही असेच आहे. ओसरीवरचा संगणक आणि माजघरातला संगणक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघेही राउटरशी बोलतात. फाइलीचा प्रत्येक तुकडा एकदा ओसरीवरून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून माजघराकडे असा दोनदा हवेतून जातो. दोन्ही फेऱ्या त्याच एका वाटेने, एकामागून एक व्हावयाच्या; म्हणून वेग निम्मा होतो. दोहोंपैकी एक संगणक साध्या तारेने राउटरला जोडला की एक फेरी वाचते. एवढी स्वस्त युक्ती असून फार थोड्या घरांत ती केली जाते. तार म्हणजे जुनी गोष्ट असे लोकांच्या मनाने घेतले आहे.

आता ३१ मार्चची संध्याकाळ. रोजने शहराजवळच्या एका टेकडीवर निशाणांचे ठाणे बसविले होते. ठरावीक निशाण फडकले की त्याचा ठरावीक अर्थ, अशी आगाऊ बोली झालेली होती. त्या दिवशी टेकडीवरून निशाणे बोलली: शत्रू मोठ्या संख्येने उत्तरेकडून येत आहे. चार शब्दांत कोण, किती आणि कोठून हे तिन्ही आले. रोजला रात्रीचा वेळ मिळाला. वेढा न उठविता त्याने सुमारे पंधराशे माणसे बाजूला काढली आणि तात्यांच्या वीस हजारांवर नेण्यासाठी सज्ज ठेविली.

रात्र पडल्यावर तात्यांनी बेतवेकडच्या उंचवट्यावर प्रचंड होळी पेटविली. आपण आलो, हे झाशीला कळविण्यासाठी. झाशीला ते कळले. किल्ल्याच्या आणि शहराच्या सर्व बुरुजांवरून तोफांची सलामी झाली, तटावर जयघोष उठला. तो इंग्रजांच्या छावणीतही ऐकू आला, आणि खुद्द रोजच्या अहवालात त्याची नोंद आहे. नऊ दिवस तोफांच्या भडिमाराखाली काढलेल्या शहराने तो उजेड कोणत्या मनाने पाहिला असेल, हे सांगावयास नको.

अग्नीचा उजेड आणि आजच्या बिनतारी यंत्रांच्या लहरी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. दोहोंचा वेग एकच. बेतवेकाठचा तो निरोप झाशीच्या तटावर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पोचला. आजच्या कोणत्याही यंत्राला त्याहून लौकर पोचविता आला नसता. आणि तरीही तो निरोप अपुरा होता. होळी एकच शब्द बोलू शकते: आहे. ती पेटलेली नसेल तर: नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहितीचे गणित मांडले तेव्हा अशा एका ‘होय की नाही’ला त्याने बिट हे माप दिले. झाशीला त्या रात्री एक बिट मिळाला. उद्या तात्या कोणत्या प्रहरी चाल करणार, कोणत्या अंगाने येणार, झाशीकरांनी दरवाजे उघडून मागून इंग्रजांवर पडावे की तटावरूनच मारा करावा, यांतले काहीही त्या उजेडात नव्हते. झाशीच्या तोफांनी दिलेली पोचही तशीच: ऐकले. काय करणार, हे त्या सलामीत मावले नाही.

१ एप्रिलला पहाटे लढाई झाली. तात्यांच्या फौजेच्या दोन फळ्या एकमेकींपासून दूर होत्या; पहिली मोडली, दुसरीने रान पेटवून माघार झाकण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर तोफा गमावून फौज काल्पीकडे वळली. तो सबंध वेळ झाशीच्या तटावरून तोफा-बंदुकांचा मारा आणि आरोळ्या चालू होत्या. पण किल्ल्यातली फौज बाहेर पडली नाही. पडली असती तर रोजची मोजकी माणसे दोन्हींकडून कात्रीत सापडली असती, असे लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांनी म्हटले आहे. न पडण्याची कारणे अनेक असू शकतील. वेढ्याची फळी जागची हललेली नव्हती आणि दरवाजा उघडणे म्हणजे शहर डावावर लावणे होते. तथापि, होळीला बोलता आले असते, निदान टेकडीवरच्या निशाणांइतके तरी, तर त्या सकाळी तटावरच्या सरदारांपुढे निराळा विचार उभा राहिला असता, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नाही. ३ एप्रिलला इंग्रजांनी तट चढला. ४ तारखेच्या रात्री लक्ष्मीबाई भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्या आणि काल्पीची वाट धरून गेल्या.

होळीचा दोष असा की तिच्यात अक्षरे मावत नाहीत. या उलट आजच्या लहरींत अक्षरे इतकी मावतात की माणसाला त्याचा आकडा समजेनासा होतो. खोक्यावरचा ‘३००’ हा एका सेकंदातले तीनशे दशलक्ष बिट सांगतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. संगणक फाइलीचे वजन बाइटमध्ये सांगतो, आणि एका बाइटात आठ बिट असतात. तेव्हा तीनशेला प्रथम आठाने भागले पाहिजे. त्यातही हा आकडा हवा सर्वस्वी मोकळी आहे, पेटी समोरच आहे, कोणी दुसरे बोलत नाही, असे धरून काढलेला. प्रत्यक्षात हवा ही सर्वांची मिळून एकच आहे, आणि तिच्यात एका वेळी एकानेच बोलावयाचे असते.

हा धडा शिकविला तो हवाई बेटांनी. तेथील विद्यापीठाचे नॉर्मन अब्रामसन यांना निरनिराळ्या बेटांवरची ठाणी एका संगणकाशी जोडावयाची होती. मध्ये समुद्र, तार नाही. १९७१ साली त्यांनी सर्व ठाण्यांना एकच बिनतारी वाट दिली आणि नियम केला की, ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले व निरोप एकमेकांवर आदळून मोडले, म्हणजे पोच येणार नाही, मग थोडे थांबून पुन्हा बोलावे. मोकळेपणा उत्तम, पण गणित केले तेव्हा असे दिसले की, अशा वाटेचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो, बाकीचा गप्प बसण्यात आणि आदळण्यात जातो. पुढे नियम सुधारले. १९९७ साली घरगुती बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण ठरले, त्याचा वेग सेकंदाला दोन दशलक्ष बिट होता. त्यात प्रत्येक यंत्राने बोलण्याआधी कान द्यावा, हवा मोकळी असेल तर क्षणभर थांबून मग बोलावे, आणि प्रत्येक तुकड्याची पोच घ्यावी, असे ठरले. आजची पेटी शेकडो पटींनी वेगवान आहे, परंतु ऐकणे, थांबणे, बोलणे आणि पोच घेणे हा शिष्टाचार कायम आहे. त्या शिष्टाचारात साधारण निम्मा वेळ जातो.

मग हिशेब असा. तीनशेचे शिष्टाचारात दीडशे राहिले. दोन्ही संगणक बिनतारी, म्हणून दोन फेऱ्या, दीडशेचे पाऊणशे. पाऊणशे बिटांचे आठाने भागून सुमारे नऊ बाइट. चार हजार दशलक्ष बाइटांचे लग्नाचे चित्रीकरण या वेगाने सात मिनिटांहून थोडे अधिक घेते. पेटी बिघडलेली नाही, दुकानदार लबाड नाही. खोक्यावरचा आकडा वाचण्यात चूक झाली. बिघाड असला तर तो याहूनही खाली गेल्यावर शोधावा. जाड भिंतीमागे संकेत क्षीण झाला की यंत्र आपण होऊन सावकाश बोलू लागते, जसे दूरच्या माणसाशी आपण एकेक अक्षर तोडून बोलतो. आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत घरातल्या बाकीच्या यंत्रांना तिष्ठावे लागते. जुन्या पट्ट्यात, ज्याला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात, एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा अवघ्या तीन. गल्लीत दहा घरे असली तर शेजाऱ्यांच्या पेट्या त्याच तीन वाटांवर दाटी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटा पुष्कळ, पण त्या लहरी भिंतीला लौकर हार जातात. जुन्या झाशीतल्या घराला यातून काय निवडावे हा पेच खराच आहे. पेटी कोनाड्यातून काढून घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवावी, एवढे तर बिनखर्चाचे आहे. टेकडीवरचे ठाणे टेकडीवर असते ते उगाच नव्हे.

होळी, निशाणे आणि हरकारे यांखेरीज झाशीहून आणखी एक निरोप निघाला होता. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले. महूच्या छावणीजवळ वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना लौकरच होणाऱ्या उठावाची खबर तोंडी सांगितली होती. ते वेढ्याच्या दिवसांत झाशीतच होते. भडिमार, तात्यांच्या येण्याची वाट आणि शहराची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. परत आल्यावर घरच्यांना आणि गावकऱ्यांना त्यांनी हकीकत सांगितली असेलच. परंतु ती कागदावर आली ती पाव शतकानंतर, १८८३च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून. ‘माझा प्रवास’ या नावाने वैद्यांनी ती छापली १९०७ साली, इंग्रजी अमलाकडे एक डोळा ठेवून, भाषा बदलून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखित सुदैवाने टिकले. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली प्रत १९६६ साली निघाली, आणि बेतवेकाठची होळी ज्या शहराने पाहिली त्या शहरातल्या एका मराठी भिक्षुकाची साक्ष, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, १०८ वर्षांनी वाचकांच्या हाती पडली.